मत माणसाचे की चौरस फुटाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील जुन्या उपनगरी वसाहतींत अधूनमधून एक प्रकार घडतो. वीस-तीस वर्षे शेजारी शेजारी राहत असलेल्या लोकांपैकी काही जण एके दिवशी कागद घेऊन दारोदार फिरू लागतात. वसाहतीतील घरमालकांचा एक संघ स्थापन करावयाचा आहे, असे ते सांगतात. प्रत्येक घराने संघाला ठरलेली वर्गणी द्यावी. संघाने बाग, दिवे, पोहण्याचा तलाव, रस्त्याकडेची झाडे यांची निगा राखावी. घराला रंग कोणता द्यावा, अंगणात काय ठेवावे, गवत किती वाढू द्यावे, याचे नियमही संघानेच करावे. पुष्कळ जण सही करतात. काही शेजारी मात्र दार लोटून घेतात. हे लोक कंजूष आहेत, भांडकुदळ आहेत, वसाहतीच्या भल्याचा विचार त्यांना शिवत नाही, असे मग त्यांच्याविषयी बोलले जाते.

समाजवादी कार्यकर्त्याची पहिली प्रतिक्रियाही कदाचित हीच होईल. चार माणसे एकत्र येऊन काही सामायिक काम उभे करीत असतील, तर त्याला विरोध करणारा तो व्यक्तिवादी, असे आपले संस्कार आपल्याला सांगतात. पण संघ या शब्दाने भुलून जाण्यापूर्वी त्या कागदावर काय लिहिले आहे, ते वाचले पाहिजे.

सही करणारा केवळ वर्गणीदार होत नाही. त्या सहीने काही बंधने त्याच्या जमिनीच्या हक्कपत्राला कायमची चिकटतात. तो घर विकून गेला तरी ती सुटत नाहीत; पुढचा मालक त्यांच्यासकटच घर घेतो. संघाला वर्गणी वाढविता येते, नियम मोडणाऱ्याला दंड करता येतो, आणि थकबाकीपोटी घरावर बोजा चढवून ते लिलावात काढता येते. हे अधिकार कागदोपत्रीच राहतात असेही नाही. २००१ साली ह्यूस्टन येथे एका वयोवृद्ध विधवेचे घर सुमारे आठशे डॉलरच्या थकबाकीपायी लिलावात गेले. त्यावर एवढा गहजब झाला की टेक्सासच्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा करून थकबाकीदाराला आगाऊ नोटीस आणि लिलावानंतर घर सोडवून घेण्याची मुदत देऊ केली. कर बसविणे, नियम करणे, दंड करणे, जप्ती आणणे, ही सारी शासनसंस्थेची कामे आहेत. ती करणाऱ्या संस्थेला संघ म्हटले, मंडळ म्हटले अथवा क्लब म्हटले, तरी तिचे खरे नाव शासन हेच आहे.

शासन म्हटले की पहिला प्रश्न मताधिकाराचा. घरमालकांच्या संघात मत घराला असते. घरात सहा माणसे राहिली तरी मत एक, आणि एका मालकाची सहा घरे असली तर त्याची मते सहा. भाडेकरूला मत नाही. तो तेथे पंधरा वर्षे राहिला असला तरी नाही. याहून विलक्षण गोष्ट बांधकाम करणाऱ्या कंपनीची. ती आपली घरे विकीत असते त्या काळात, न विकलेल्या प्रत्येक भूखंडामागे तिला तीन मते देण्याची पद्धत तेथे सर्रास रूढ आहे. म्हणजे वसाहतीची तीन-चतुर्थांश घरे विकली जाईपर्यंत बहुमत कंपनीचेच. याच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली टेक्सासमधील एका काउंटीच्या खटल्यात असा निर्णय दिला की स्थानिक स्वराज्य संस्थांनाही ‘एका माणसास एक मत’ हे तत्त्व लागू आहे. म्हणजे रस्ता काउंटीने झाडला तर मत माणसाला, आणि तोच रस्ता घरमालकांच्या संघाने झाडला तर मत मालमत्तेला! दार लोटून घेणाऱ्या शेजाऱ्याला हा युक्तिवाद नेमक्या शब्दांत मांडता येत नसेल. पण त्याला जे खटकते ते हेच असते.

मात्र अशा शेजाऱ्यांचा विरोध यशस्वी होण्याची संधी फारशी उरलेली नाही. जुन्या वसाहतीत सामान्यतः ज्याने सही केली नाही, त्याच्यावर बंधन येत नाही. म्हणून बांधकाम कंपन्यांनी सोपा मार्ग काढला. पहिले घर विकण्यापूर्वीच, सारी जमीन एकट्या कंपनीच्या मालकीची असताना, संघाचे घोषणापत्र नोंदवून टाकावयाचे. विरोध करावयास शेजारीच नसतो. पुढे जो घर घेईल त्याने घोषणापत्र मान्य केले असे कायदा समजतो. घटना आधी आणि नागरिक मागाहून, अशी ही उफराटी रचना आहे. जेथे वसाहत जुनी आहे तेथेही वाट काढली जाते. ह्यूस्टन शहरात जमीनवापराचे झोनिंग नाही. तेथे खासगी बंधनांवरच सारी भिस्त. म्हणून टेक्सासच्या कायद्याने त्या परिसरातील वसाहतींसाठी अशी तरतूद केली की ठरावीक बहुमताने सह्या जमल्या तर सक्तीचा संघ मागाहूनही स्थापन करता यावा.

या रचनेचा इतिहास पाहिला तर समाजवाद्यांनी खंत करावी असे त्यात पुष्कळ आहे. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज विचारवंताने १८९८ साली उद्याननगराची कल्पना मांडली. तिचा गाभा बागा आणि वळणदार रस्ते हा नव्हता. नगराची जमीन सामूहिक मालकीची राहावी, लोकवस्तीमुळे जमिनीचे मोल वाढले की त्या वाढीचा लाभ भाड्याच्या रूपाने नगरालाच मिळावा, आणि त्यातून शाळा, दवाखाने, वृद्धांचे निर्वाहवेतन चालावे, हा तो गाभा होता. अर्थशास्त्रात ज्याला अनर्जित वाढ म्हणतात, ती खासगी खिशात जाऊ न देण्याची ही योजना. १९०३ मध्ये लेचवर्थ येथे तिचा पहिला प्रयोग सुरू झाला. अमेरिकेत ती १९२९ साली न्यू जर्सीतील रॅडबर्न या वसाहतीत उतरली, आणि उतरताना तिचा आत्मा मागे राहिला. नकाशा हॉवर्डचा घेतला, जमीन मात्र तुकड्यातुकड्यांनी विकली. सामूहिक मालकीच्या जागी आला तो घरमालकांवर वर्गणी बसविणारा संघ. त्या संघाचे सभासदत्वही दीर्घकाळ विश्वस्त आणि माजी विश्वस्त यांच्यापुरतेच मर्यादित होते. निवडणुकीत उमेदवार कोण असावे हे ठरविण्यात सामान्य रहिवाशाला स्थान नव्हते. रॅडबर्नच्या काही रहिवाशांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, वर्षानुवर्षे भांडण चालविले, आणि अखेर २०१७ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळाने कायदा करून घरमालकांना संघाच्या निवडणुकीत भाग घेण्याचा हक्क दिला. वसाहत वसल्यानंतर ८८ वर्षांनी! आणि तोही मालकांनाच. भाडेकरू होते तेथेच आहेत.

दुसरा धागा अधिक काळा आहे. कॅन्सस सिटीतील जे. सी. निकोल्स या जमीन-विकासकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या वसाहतींतून घरमालकांचे संघ स्थापिले आणि जमिनीवरील बंधने आपोआप नूतनीकृत होत राहतील अशी शक्कल काढली. त्या बंधनांत एक ठरलेले कलम असे : हे घर कृष्णवर्णीयास विकू अथवा भाड्याने देऊ नये. संघाने कोणाविरुद्ध पहारा करावयाचा, ते या कलमाने सांगितले होते. अमेरिकेच्या संघराज्य सरकारनेही या कलमाला हातभार लावला. सरकारी गृहकर्ज-विमा देणाऱ्या खात्याच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत अशा बंधनांची शिफारसच होती. सेंट लुईस शहरात १९४५ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबाने असे बंधन असलेले घर विकत घेतले. त्यांना बाहेर काढण्यासाठी शेजाऱ्यांनी दावा लावला आणि त्यांच्या पाठीशी मालकांची संघटना उभी राहिली. शेली विरुद्ध क्रेमर म्हणून प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितले की असे बंधन न्यायालयांच्या बळावर अमलात आणणे हा घटनेचा भंग आहे. त्यानंतर वर्णाचा उल्लेख कागदावरून हळूहळू गेला. घराचे किमान क्षेत्रफळ, किमान किंमत, भाड्याने देण्यास बंदी अशी कलमे राहिली, आणि जे काम पूर्वी वर्ण करीत होता त्यातले बरेचसे पैसा करू लागला.

शेजारी, शेजारधर्म या शब्दांची आपल्या मनात जी ऊब आहे तिच्या भरात हे विसरू नये, की सेंट लुईसमध्ये दावा लावणारेही शेजारीच होते. शेजाऱ्यांनी संघ काढला म्हणून तो पुरोगामी ठरत नाही, आणि शेजाऱ्यांनी संघाला विरोध केला म्हणून तो विरोधही आपोआप पवित्र होत नाही. दोन प्रश्न विचारावे लागतात. सत्ता कोणाच्या मताने चालणार आहे? आणि जमीन कोणाच्या हातात राहणार आहे? विरोधाची योग्यता या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरते.

अमेरिकेत हे संघ एवढे का पसरले? १९७० मध्ये त्यांची संख्या सुमारे १०,००० होती. आज ती साडेतीन लाखांच्या वर गेली असून साडेसात कोटींच्या आसपास लोक त्यांच्या अमलाखाली राहतात. (आकडे संघांचा कैवार घेणाऱ्या त्यांच्याच मध्यवर्ती संस्थेचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.) रहिवाशांना त्यांचे अतोनात प्रेम आहे म्हणून ही वाढ झाली नाही. १९७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील मतदारांनी तेरावा प्रस्ताव संमत केला. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर गोठविला गेला आणि मूल्यात वर्षाकाठी दोन टक्क्यांहून अधिक वाढ धरण्यास मनाई झाली. नगरपालिकांचे उत्पन्न आटले. नव्या वसाहतीचे रस्ते, दिवे, बागा सांभाळण्याचा खर्च त्यांना नकोसा झाला. तेव्हा नव्या वसाहतीस परवानगी देताना, हा भार उचलणारा संघ असलाच पाहिजे, अशी अट त्या घालू लागल्या. म्हणजे आधी श्रीमंत मालमत्ताधारकांनी कर कमी करून घ्यावयाचा, आणि मग त्या कराने जे होत असे ते वर्गणी काढून फक्त आपल्यापुरते करावयाचे. कुंपणाच्या आत दिवे लागतात. बाहेरच्या वस्तीत मात्र महापालिकेचा दिवा गेला तर महिनोन् महिने अंधार. रॉबर्ट राइश या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ साली यशस्वी लोकांनी समाजापासून घेतलेली फारकत असे याचे वर्णन केले.

अर्थशास्त्राच्या वर्गातून याचे समर्थन फार सफाईने केले जाते. चार्ल्स टीबू याने १९५६ साली असे मांडले की नागरिक हा ग्राहकासारखा असतो. ज्या गावचे कर आणि सेवा त्याला पसंत पडतील त्या गावी तो राहावयास जातो, आणि अशा रीतीने पायांनी मतदान होऊन सार्वजनिक सेवांचा योग्य बाजार तयार होतो. १९६५ साली जेम्स ब्यूकॅनन याने क्लबचा सिद्धान्त दिला : काही वस्तू अशा की ज्यांचा उपभोग थोड्या लोकांनी वाटून घेणेच किफायतीचे. पोहण्याच्या तलावापुरता हा सिद्धान्त खोटा नाही. परंतु पायांनी मतदान करावयाचे तर पायांखाली पैसा लागतो. कर्जाचे हप्ते फेडीत असलेला कारकून, शाळेत मुले असलेली विधवा, नोकरीच्या गावाला बांधलेला कामगार, यांना वर्गणी पटली नाही म्हणून घर मोडून जाता येत नाही. ज्याला बाहेर पडता येत नाही त्याला आवाज हवा, असे अल्बर्ट हर्शमन याने १९७० साली आपल्या ग्रंथात दाखविले आहे. क्लबच्या सिद्धान्तात या आवाजाला जागा फार थोडी आहे.

आवाजाचे काय होते त्याचे उदाहरण पुन्हा न्यू जर्सीतलेच. ट्विन रिव्हर्स ही सुमारे दहा हजार लोकवस्तीची वसाहत. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढी. तेथील काही रहिवाशांनी संघाच्या नियमांविरुद्ध दावा केला. निवडणुकीच्या वेळी आपल्या घरासमोर फलक कोठे आणि किती लावावा यावर संघाने घातलेले निर्बंध, सभागृहाच्या वापराचे नियम आणि संघाच्या वार्तापत्रात विरोधकांना मिळणारी जागा, हे वादाचे विषय होते. २००७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांविरुद्ध निकाल दिला. संघ हे सरकार नव्हे आणि रहिवासी स्वखुशीने तेथे राहावयास आले, असे त्याचे सूत्र होते. त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात राजकीय फलकावरील सरसकट बंदी अमान्य केली, एवढा दिलासा. पण संघ हे सरकार आहे की नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर बदलले नाही.

हे सारे परदेशातले म्हणून बाजूस ठेवता आले असते. परंतु १९७० साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने अपार्टमेंट मालकीचा जो कायदा केला, तो अमेरिकेतील कॉन्डोमिनियमच्या कल्पनेवर बेतलेला आहे, आणि तेव्हापासून आपल्या राज्यातील इमारतींत दोन भिन्न राज्यपद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत. सदनिका घेणाऱ्या शंभरांतील नव्वदांना आपण कोणत्या पद्धतीत राहतो हे ठाऊक नसते.

पहिली पद्धत सहकारी गृहनिर्माण संस्थेची. तिची परंपरा जुनी. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली स्थापन झालेली सारस्वतांची संस्था ही या देशातील पहिली मानली जाते. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासदाला मत एकच. त्याने चार सदनिका घेतल्या तरी एकच, चारशे चौरस फुटांच्या खोलीतला आणि दोन हजार चौरस फुटांच्या दालनातला सभासद मताने सारखे. जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची. वर निबंधक हा सरकारी अधिकारी. थकबाकी वसूल करावयाची तर त्याचा दाखला लागतो, सभासदाला काढून टाकावयाचे तर त्याची मान्यता लागते. कारभार पुष्कळदा कंटाळवाणा, कधी भ्रष्ट. पण संस्थेची सत्ता आणि सभासदाचे घर यांच्या मध्ये कोणीतरी सार्वजनिक अधिकारी उभा असतो.

दुसरी पद्धत १९७० च्या कायद्याची. येथे सदनिका ज्याची त्याच्या मालकीची आणि जमीन, जिना, गच्ची यांत प्रत्येकाचा टक्केवारीने ठरलेला अविभक्त हिस्सा. हा टक्का सदनिकेच्या मूल्याच्या प्रमाणात असतो आणि मतही त्याच टक्क्याने मोजले जाते. मूळ कायद्यात निबंधकासारखा देखरेख करणारा अधिकारी नव्हता. आणि ही पद्धत लागू केव्हा होते? जमिनीचा एकमेव मालक अथवा सर्व मालक घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, नोंदवितात तेव्हा. एकमेव मालक बहुधा बिल्डर. टक्केवारी, गच्चीचे हक्क, गाडी ठेवण्याच्या जागा, उरलेल्या चटईक्षेत्राचे भवितव्य हे सारे तो पहिला ग्राहक येण्यापूर्वीच लिहून ठेवू शकतो. अमेरिकन कंपनीची तीच उफराटी रचना येथे मराठी नोंदणी कार्यालयात अवतरली! यातून बाहेर पडावयाचे तर मूळ कायद्यात सर्वच्या सर्व मालकांची संमती मागितलेली आहे. एक मोठा मालक अडून बसला की संपले.

म्हणून महाराष्ट्रात संस्थेला विरोध कोण करतो हे नीट पारखून घ्यावे लागते. सर्वांत चिकाटीचा विरोधक शेजारी नसतोच. तो बिल्डर असतो. १९६३ च्या मोफा कायद्याने त्याच्यावर संस्था स्थापन करून देण्याचे आणि जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचे बंधन घातले. संस्था स्थापन झाली की तिला जमीन मागण्याचा हक्क येतो, आणि जमीन गेली की भविष्यातील चटईक्षेत्र गेले. मग चार विश्वासू सदनिकाधारकांना हाताशी धरून फूट पाडणे, सह्या अडविणे, ‘संस्था कशाला, मी सारे बघतो’ असे गोड बोलणे सुरू होते. इतक्या इमारती जमिनीच्या कागदाविना पडून राहिल्या की २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन नावे करून देण्याची तरतूद करावी लागली. २०१६ च्या रेरा कायद्याखाली केलेल्या महाराष्ट्राच्या नियमांनी तर ५१ टक्के ग्राहकांनी नोंदणी केल्यापासून तीन महिन्यांत संस्थेसाठी अर्ज करणे बिल्डरला सक्तीचे केले आहे. येथे सक्ती योग्य आहे. जमीन ज्याने बळकावून ठेवली त्याच्या हातून ती रहिवाशांच्या सामूहिक मालकीत जाते, आणि मत माणसाला मिळते. अशा ठिकाणी संस्थेला विरोध करणारा शेजारी बिल्डरचे काम करीत असतो, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

याच्या जोडीला एक अवघड प्रश्न आहे, आणि आपण तो टाळता कामा नये. सहकारी संस्थेत मत समान, तसे सेवाशुल्कही सर्व सदनिकांना समान. पहारेकरी, जिन्यातला दिवा, व्यवस्थापकाचा पगार यांचा खर्च लहान आणि मोठ्या घराने सारखाच भरावयाचा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या प्रमाणात घेतात, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. परंतु दरमहाच्या शुल्कातला समान भाग एका खोलीत राहणाऱ्या निवृत्त गिरणी कामगाराला जड जातो. अपार्टमेंटच्या पद्धतीत खर्च टक्केवारीने, म्हणून लहान घराला थोडा. तेव्हा लहान सदनिकाधारक कधी कधी संस्थेला विरोध करून अपार्टमेंटच्या बाजूने उभा राहतो. त्याला मूर्ख म्हणू नये. त्याचे गणित पक्के आहे. फक्त त्या सौद्यात त्याने काय दिले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. महिन्याचे काहीशे रुपये वाचविण्यासाठी त्याने आपले मत चौरस फुटांच्या भावाने विकले. उद्या पुनर्विकासाचा ठराव आला, गच्चीवर मोबाइलचा मनोरा उभा करावयाचा झाला, की निर्णय मोठी दालने करतील. यावर समाजवादी उत्तर उघड आहे : मत माणशी समान आणि शुल्क ऐपतीप्रमाणे. नगरपालिकेत हेच चालते. मोठ्या बंगल्याचा कर अधिक, मालकाचे मत एक. सहकारी संस्थांच्या उपविधींत क्षेत्रफळानुसार शुल्काची सोय झाली, तर लहान घरांचा संस्थेला असलेला विरोध पुष्कळ अंशी मावळेल.

सहकाराचा गौरव करताना त्याचे व्यंगही सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या संस्था ज्ञातींच्या होत्या, आणि ते वळण पुसले गेलेले नाही. २००५ साली अहमदाबाद येथील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरविला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य हा त्या निकालाचा आधार. पारशी समाज लहान, त्याची चिंता समजण्याजोगी. पण हाच आधार पुढे करून शाकाहारींच्या इमारती, अमुक धर्मीयांना घर न देणाऱ्या इमारती उभ्या राहतात, आणि दलित अथवा मुसलमान तरुणाला मुंबईत भाड्याचे घर शोधताना जे ऐकावे लागते ते कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. अमेरिकेच्या न्यायालयाने १९४८ मध्ये ज्या बंधनामागचे न्यायालयीन बळ काढून घेतले, त्याच जातीच्या बंधनाला आपल्याकडे २००५ मध्ये आधार मिळाला. अशा संस्थेला कोणी शेजारी विरोध करील तर पक्षाने त्याच्या बाजूस उभे राहावे.

मोठ्या शहरांतील निवडून आलेली सत्ता दुबळी झाली की मालकांच्या संघांना आपोआप राजकीय मोल येते, हेही अलीकडे दिसले. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे तेथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती. नगरसेवक नाही म्हटल्यावर अधिकाऱ्यांशी बोलणार कोण? ज्यांच्याकडे संघ आहे, लेटरहेड आहे, सभासदांत एखादा निवृत्त सचिव आहे ते. दिल्लीत २००० साली सुरू झालेल्या भागीदारी योजनेत सरकारने रहिवासी संघांना हाताशी धरले. तेव्हा आरंभी मान मिळाला तो अधिकृत वसाहतींतील संघांना, झोपडपट्ट्या बाहेरच राहिल्या. फेरीवाले हटवा, रस्त्याला फाटक बसवा, झोपड्या उठवा या मागण्या नागरिकांच्या म्हणून नोंदल्या जातात. फेरीवालाही नागरिकच, पण त्याचा संघ घरमालकांचा नसतो.

शेवटी भाडेकरूंविषयी. दोन्ही पद्धतींत ते मुके आहेत. सहकारी कायद्यात भाडेकरूला नाममात्र सभासद करून घेता येते; नाममात्र म्हणजे नावापुरताच, कारण मत नाही. त्याला घर दिले म्हणून सदनिकाधारकाकडून संस्था बिनभोगवटा शुल्क घेतात. ते शुल्क पूर्वी एवढे बेसुमार होते की शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी सेवाशुल्काच्या दहा टक्के अशी मर्यादा घातली. हे शुल्क कागदावर मालकाचे, पण भाड्यातून निघते. म्हणजे भाडेकरू कर भरतो आणि सभेच्या वेळी घरी बसतो. मोलकरणीला वेगळी लिफ्ट, डिलिव्हरी आणणाऱ्या पोऱ्याला लिफ्टच नाही, असले ठराव जेव्हा येतात, तेव्हा ज्यांच्यावर ते लागू होतात त्यांच्यापैकी एकही सभेत नसतो. जमीन, पुनर्विकास, सदनिकेची विक्री या विषयांत मालकांचे मत वेगळे राखण्यास कारण आहे. पण पाणी, सुरक्षा, रोजची दुरुस्ती आणि इमारतीतील वागणुकीचे नियम या विषयांवर तेथे एक वर्षाहून अधिक काळ राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ रहिवाशाला सभेत बसण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क देणारी दुरुस्ती सहकारी कायद्यात करता येईल. अपार्टमेंटच्या कायद्यात टक्केवारीच्या मताऐवजी माणशी मत आणणे आणि सर्वांच्या संमतीची अट काढून बहुमताने सहकारी संस्थेत रूपांतर करू देणे, या दोन दुरुस्त्या तिच्यासोबतच मांडाव्या लागतील.